आयआरसीवर पाऊल ठेवण्याआधी आपला आयपी पत्ता कसा झाकावा

आयआरसी ही इंटरनेटवरची मजकुरी गप्पांची जुनी व्यवस्था. तिची अनेक स्वतंत्र जाळी आहेत, आणि प्रत्येकात 'चॅनेल' नावाच्या गप्पांच्या खोल्या. डेबियन या लिनक्सची एखादी अडचण विचारायला तुम्ही ओएफटीसी या जाळ्यावर जाता, किंवा डीजीप्लग या गटाच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी लिबेरा.चॅट या जाळ्यावर. टोपणनाव घेतलेलं असतं. फोटो नाही, फोन नंबर नाही. त्यामुळे आपण कोण, कुठले, हे कुणाला कळणार नाही असं वाटतं. पण चॅनेलमध्ये शिरताक्षणी, तुम्ही एक शब्दही लिहिण्याआधी, तिथल्या प्रत्येकाच्या पडद्यावर साधारण अशी ओळ उमटते:

रानपाखरू!~सायली@२०३.०.११३.४५

उद्गारचिन्हाच्या आधी टोपणनाव. मग 'यूजरनेम'. आणि '@' च्या पुढे होस्ट, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा (आयपी) पत्ता. (इथला आकडा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे, कुणाच्या घरचा नाही.) ही ओळ नुसती दिसून जात नाही. चॅनेलमध्ये नोंदी ठेवणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, असतात, लोकांच्या क्लायंटमध्ये (आयआरसीला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लॉग, म्हणजे संभाषणाच्या नोंदी, चालू असतात, आणि काही चॅनेलांचे लॉग वेबवर जाहीरपणे ठेवलेले असतात. एकदा गेलेला पत्ता परत घेता येत नाही.

म्हणून या लेखात एका गोष्टीवर माझा सगळा भर आहे: क्रम. आयपी झाकणारा 'क्लोक' कसा मिळवायचा हे बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं. तो चॅनेलमध्ये शिरण्याच्या आधी अंगावर असायला हवा, हे मात्र नवख्यांना क्वचितच कुणी सांगतं. चॅनेलमध्ये गेल्यावर क्लोक चढवणं म्हणजे चिंब भिजल्यावर छत्री उघडणं.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना: सगळ्या आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत करायच्या. टोकदार कंसांतल्या जागी तुमची स्वतःची माहिती घालायची, कंस टाइप करायचे नाहीत.

हा पत्ता उघडा का असतो

आयआरसी ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलं. तेव्हा जोडले जाणारे लोक विद्यापीठांच्या मोठ्या संगणकांवर बसलेले असत. होस्ट दिसणं म्हणजे समोरचा कोणत्या संस्थेतून बोलतोय हे कळणं, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. टोपणनाव, यूजरनेम, होस्ट ही तीन भागांची रचना मे १९९३ च्या प्रमाण दस्तऐवजात, आरएफसी १४५९ मध्ये, तशीच नोंदली गेली आणि आजही तीच चालते.

मग घराघरांतून डायल-अप आलं आणि याच पत्त्याचा शस्त्रासारखा वापर सुरू झाला. १९९७ मध्ये 'विननूक' नावाचा हल्ला पसरला. विंडोज ९५ चालवणाऱ्या संगणकाच्या १३९ क्रमांकाच्या पोर्टवर एक वेडावाकडा संदेश पाठवला की समोरचा पडदा निळा पडायचा. त्यासाठी फक्त आयपी माहीत असावा लागे, आणि आयआरसीवर तो सगळ्यांना दिसतच होता. ते भोक कधीच बुजवलं गेलं, पण घरच्या जोडणीवर रहदारीचा पूर आणून ती बंद पाडणं आजही अवघड नाही.

दुसरा धोका ठावठिकाण्याचा. होस्ट म्हणून कधी नुसता आकडा दिसतो, तर कधी त्या आकड्याला इंटरनेट कंपनीने दिलेलं नाव. मुंबईत एमटीएनएलच्या ब्रॉडबँडवरून येणाऱ्यांचं होस्टनाव 'ट्रायबँड-मुम' असं सुरू व्हायचं, पुढे आयपीचे आकडे आणि शेवटी एमटीएनएलचं डोमेन. शहर, कंपनी आणि पत्ता, तिन्ही एकाच ओळीत. नुसत्या आकड्यावरूनही शहराचा अंदाज सांगणाऱ्या वेबसाइट आहेत. त्या अंदाजात चूक होते, घरापर्यंत तर त्या नक्कीच पोहोचवत नाहीत. तरी कुणी मागे लागलेलं असेल, विशेषतः एखाद्या मुलीच्या, तर 'ही पुण्यात राहते' एवढं कळणंसुद्धा त्या माणसासाठी खूप असतं. तांत्रिक चॅनेलमध्ये प्रश्न विचारायला आलेल्या मुलीला तिच्या शहराचं नाव घेऊन खासगी संदेश येऊ नयेत, एवढी व्यवस्था आपल्या हातात आहे. ती पहिल्याच दिवशी करून टाकावी.

मोबाइल इंटरनेटवर आहोत म्हणजे सुरक्षित आहोत, हा समज अर्धाच खरा. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत मोबाइल कंपन्या एकच बाहेरचा पत्ता शेकडो ग्राहकांत वाटतात, त्यामुळे त्यावरून माणूस ओळखणं कठीण. मात्र जिओसारख्या जाळ्यांवर आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत सर्रास चालते, आणि तिथे दिसणारा पत्ता असा कुणाशी वाटलेला नसतो. त्या वेळेपुरता तो तुमच्याच फोनचा असतो. आयआरसी सर्व्हर आयपीव्ही६ स्वीकारत असेल तर क्लायंट बहुधा तोच वापरतो. वाटून घेतलेल्या आयपीव्ही४ लाही एक अडचण आहे: दुसऱ्याच कुणाच्या उपद्व्यापामुळे त्या पत्त्यावर बंदी आली की तुम्हीही बाहेर. नोंदणीकृत खात्याने येणाऱ्याला हा त्रास बराच कमी होतो.

झाकण्याच्या दोन तऱ्हा

पहिली तऱ्हा आपोआप होणारी. अनरियलआयआरसीडी किंवा इन्स्पआयआरसीडी हे सर्व्हर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या जाळ्यांवर बहुधा 'एक्स' नावाचा यूजर मोड, म्हणजे टोपणनावाला लावायची सेटिंग, असते, आणि पुष्कळ ठिकाणी ती जोडतानाच लागते. रिझॉन या जाळ्यावर असंच होतं. खऱ्या पत्त्याचं गणिती रूपांतर होऊन लोकांना अक्षर-आकड्यांची अगम्य मालिका दिसते. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते जेमतेम ४२९ कोटी. नुसतं ठरावीक सूत्र वापरलं असतं तर कुणीही सगळ्या पत्त्यांची रूपांतरं आधीच काढून उलटा शोध लावला असता. म्हणून सर्व्हर त्या सूत्रात गुप्त किल्ल्या मिसळतात, आणि एका जाळ्याच्या सगळ्या सर्व्हरांवर त्या सारख्याच असतात. त्यामुळे तुमचा पत्ता बदलत नाही तोवर मालिकाही तीच राहते आणि चॅनेलचालकांना बंदी घालता येते. यात एक उणीव आहे. तुमच्या पत्त्याला कंपनीने नाव दिलेलं असेल तर फक्त पुढचा भाग झाकला जातो आणि कंपनीचं डोमेन मागे तसंच दिसत राहतं.

दुसरी तऱ्हा खात्यावर चालते. खातं काढायचं, त्यात लॉगिन करायचं, आणि पत्त्याच्या जागी जाळ्याने ठरवलेली अक्षरं दिसतात. लिबेरावर 'यूजर/खातेनाव', ओएफटीसीवर 'टोपणनाव.यूजर.ओएफटीसी.नेट', अंडरनेटवर 'खातेनाव.यूजर्स.अंडरनेट.ऑर्ग'. खरा पत्ता त्यात कुठेच नसतो, म्हणून मला ही तऱ्हा जास्त पसंत आहे. प्रकल्पांचे क्लोकही असतात: उबुंटूचे सदस्य किंवा विकिपीडियाचे संपादक आपापल्या प्रकल्पाच्या नावाचा क्लोक मागू शकतात. मराठी विकिपीडियावर नियमित काम करणाऱ्यालाही तो मागता येतो, पण ती पुढची पायरी.

ईएफनेट आणि आयआरसीनेट या जुन्या जाळ्यांवर टोपणनाव नोंदवण्याची सोयच नाही, त्यामुळे खात्याचा क्लोकही नाही. तिथे जायचंच असेल तर शेवटच्या भागात सांगितलेला मधला सर्व्हर हाच मार्ग.

पुढच्या पायऱ्या लिबेरा.चॅट धरून लिहिल्या आहेत. हे जाळं मे २०२१ मध्ये फ्रीनोड या जुन्या जाळ्याच्या आधीच्या चालकांनी सुरू केलं आणि मुक्त सॉफ्टवेअरचे बहुतेक प्रकल्प तिथे गेले. आपल्याकडचा नवखा विद्यार्थी आयआरसीवर येतो तो बहुधा इथेच.

जोडण्याआधी: तीन रकाने आणि एक खूण

क्लायंट उघडा, पण 'कनेक्ट' दाबू नका. सेटिंगमध्ये टोपणनाव, यूजरनेम आणि रिअल नेम असे तीन रकाने असतात. लोक पहिला विचार करून भरतात आणि बाकीचे दोन तसेच सोडतात. बरेच क्लायंट यूजरनेमच्या जागी संगणकाचं लॉगिन नाव आपणहून भरतात. लॅपटॉप घेताना तुम्ही किंवा घरच्यांनी 'सायली' किंवा थेट आडनाव टाकलेलं असतं, तेच '@' च्या आधी सगळ्यांना दिसतं. वरच्या उदाहरणात तेच झालं आहे. क्लोक होस्ट झाकतो, हे दोन रकाने झाकत नाही. दोन्हींत टोपणनावच भरा.

टोपणनावही जरा जपून निवडा, कारण लिबेरावर तेच तुमचं खातेनाव होतं आणि खातेनाव क्लोकमध्ये छापलं जातं. इन्स्टाग्रामवर किंवा कॉलेजच्या ईमेलमध्ये वापरलेलं नाव इथे घेतलंत, तर आयपी झाकूनही ओळख उघडीच राहते. उलट, ज्यांना मुक्त सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या नावाने काम करायचंय त्यांनी खुशाल आपलं नाव घ्यावं. त्यांना फक्त पत्ता झाकायचा आहे, आणि तेही पूर्णपणे रास्त आहे.

आता ती खूण. जोडल्यावर आपोआप चॅनेलमध्ये शिरण्याची सोय, म्हणजे 'ऑटोजॉइन', बंद करा. हेक्सचॅट हा क्लायंट पहिल्यांदा जोडला की पुढे काय करायचं असं विचारतं. तिथे 'आत्ता काही नको, नंतर चॅनेलमध्ये जाईन' हा पर्याय घ्या.

सर्व्हर आयआरसी.लिबेरा.चॅट, पोर्ट ६६९७, टीएलएस चालू. टीएलएसमुळे तुमच्या आणि सर्व्हरच्या मधल्या कुणाला पासवर्ड वाचता येत नाही. आयपी झाकण्याशी त्याचा संबंध नाही. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे पत्ताही झाकला गेला, असं समजून निर्धास्त होणारे लोक मी पाहिले आहेत.

खातं आणि क्लोक

ही पहिली जोडणी उघड्या पत्त्यानेच होते, त्याला इलाज नाही. पण तुम्ही कुठल्याही चॅनेलमध्ये नाही आणि नवं टोपणनाव अजून कुणाला माहीत नाही, त्यामुळे बघणारं कुणी नसतं. टोपणनावांची खाती सांभाळणाऱ्या सेवेचं नाव निकसर्व्ह. घाई न करता तिला हे टाइप करा:

/एमएसजी निकसर्व्ह रजिस्टर <पासवर्ड> <ईमेल>

सुरुवातीची तिरकी रेघ विसरू नका आणि तिच्या आधी मोकळी जागा सोडू नका. नाहीतर आज्ञा साधा संदेश म्हणून जाते, आणि चॅनेलमध्ये असाल तर पासवर्ड सगळ्यांसमोर छापला जातो. म्हणूनही हे काम चॅनेलबाहेर, सर्व्हरच्या खिडकीतच करायचं.

ईमेलवर एक संकेत येतो. त्या पत्रातली आज्ञा जशीच्या तशी उचलून टाइप केली की खातं पक्कं होतं. पत्र दिसलं नाही तर स्पॅममध्ये पाहा.

त्यानंतर #लिबेरा-क्लोक या चॅनेलमध्ये जा आणि तिथे एवढंच लिहा:

!क्लोकमी

इथे सुरुवातीला उद्गारचिन्ह आहे, तिरकी रेघ नाही. तिथला बॉट 'यूजर/खातेनाव' हा क्लोक तुम्हाला लावतो. क्लोकशिवाय ज्या चॅनेलमध्ये जावं लागतं असं हे एकच. इतर कुठल्याही चॅनेलमध्ये जायच्या आधी बाहेर पडून जोडणी तोडा.

दुसऱ्या जाळ्यांवरची पद्धत थोडक्यात. ओएफटीसीवर खातं पक्कं केल्यावर निकसर्व्हला 'सेट क्लोक ऑन' असा संदेश पाठवायचा. अंडरनेटवर 'एक्स' नावाच्या सेवेत लॉगिन करून मग स्वतःच्या टोपणनावावर '+एक्स' मोड लावायचा. क्वेकनेटवर सेवा 'क्यू' आहे, मोड तोच. रिझॉनवर आपोआपच्या मालिकेऐवजी स्वतःच्या पसंतीची अक्षरं हवी असतील तर होस्टसर्व्ह या सेवेला 'रिक्वेस्ट' पाठवायची आणि मंजुरी आली की 'ऑन' म्हणायचं.

सासल: ज्यावाचून बाकीचं फुकट जातं

क्लोक खात्याला चिकटलेला असतो, तुमच्या संगणकाला नाही. लॉगिन झालं की क्लोक चढतो, त्याआधी नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा जोडता तेव्हा सुरुवात परत उघड्या पत्त्यानेच होते.

जुन्या सवयीचे लोक जोडून झाल्यावर निकसर्व्हला 'आयडेंटिफाय' असा संदेश पाठवतात. बहुतेक क्लायंटही ते आपोआप करतात. अडचण अशी की ऑटोजॉइन चालू असेल तर या दोन गोष्टींत शर्यत लागते. निकसर्व्हचं उत्तर यायला दोन सेकंद लागले आणि तेवढ्यात क्लायंट चॅनेलमध्ये शिरला, की पत्ता गेला. पुढे जे होतं ते आणखी वाईट. दोन सेकंदांनी लॉगिन पूर्ण होतं, क्लोक चढतो, आणि चॅनेलमधल्या लोकांना 'होस्ट बदलत आहे' अशा कारणाने तुम्ही बाहेर जाऊन लगेच परत आल्याचं दिसतं. आधीची ओळ खऱ्या पत्त्याची, नंतरची क्लोकची, टोपणनाव एकच. क्लोकमागे कोणता पत्ता आहे हे तुम्हीच जोडून दाखवलेलं असतं, आणि ते लॉगमध्ये राहतं.

हेक्सचॅटमध्ये जोडणीनंतर काही सेकंद थांबून मगच चॅनेलमध्ये शिरण्याची सोय आहे. तिने धोका कमी होतो, जात नाही. सेवा मंदावल्या की ते सेकंद पुरत नाहीत.

खरा उपाय सासल. यात खातेनाव आणि पासवर्ड जोडणीच्या सुरुवातीलाच, सर्व्हर तुम्हाला आत घेण्याआधी तपासले जातात. तपासणी संपून तुम्ही जाळ्यावर उमटता ते क्लोकसकटच. शर्यतीला जागाच उरत नाही.

हेक्सचॅटमध्ये कंट्रोल आणि एस दाबून जाळ्यांची यादी उघडा, लिबेरा निवडून 'एडिट' करा. 'लॉगिन मेथड' या रकान्यात 'सासल (यूजरनेम + पासवर्ड)' निवडा, खाली पासवर्ड भरा, आणि यूजरनेमच्या जागी खातेनाव आहे ना ते बघा. हेक्सचॅटची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि पुढे नवीन येणार नाही असं ती बनवणाऱ्यांनी तेव्हाच जाहीर केलं. चालू आहे तोवर वापरायला हरकत नाही, पण नव्याने शिकणाऱ्याला मी वीचॅट हा आयआरसी क्लायंट सुचवेन (त्याच उच्चाराचं चिनी ॲप नव्हे). त्यात या ओळी:

/सर्व्हर ॲड लिबेरा आयआरसी.लिबेरा.चॅट/६६९७ -टीएलएस
/सेट आयआरसी.सर्व्हर.लिबेरा.सासल_मेकॅनिझम प्लेन
/सेट आयआरसी.सर्व्हर.लिबेरा.सासल_यूजरनेम <खातेनाव>
/सेट आयआरसी.सर्व्हर.लिबेरा.सासल_पासवर्ड <पासवर्ड>
/सेट आयआरसी.सर्व्हर.लिबेरा.सासल_फेल डिस्कनेक्ट
/सेव्ह

पाचवी ओळ गाळू नका. कधीकधी जाळ्याच्या सेवा बंद असतात किंवा मुख्य सर्व्हरांपासून तुटलेल्या असतात, आणि सासल अपयशी ठरतं. अशा वेळी क्लायंटने खात्याशिवाय तसंच पुढे जाऊ नये, जोडणी तोडावी, असं ती ओळ सांगते. रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपलात, तीन वाजता जाळं तुटून पुन्हा जोडलं गेलं आणि नेमक्या सेवा बंद होत्या. एरवी याच वेळी पत्ता बाहेर पडतो, आणि सकाळपर्यंत तुम्हाला कळतही नाही.

इर्सी या क्लायंटमध्ये हीच माहिती '/नेटवर्क ॲड' या आज्ञेत सासलच्या तीन पर्यायांनी भरायची असते. मोबाइलवरच्या ॲपमध्ये 'सासल' किंवा 'ऑथेंटिकेशन' असा रकाना शोधा. तो कुठेच सापडला नाही, तर ते ॲप काढून दुसरं घ्या.

खात्री कशी करायची

सासल भरून पुन्हा जोडा. अजून कुठल्याही चॅनेलमध्ये नाही. आता स्वतःच्याच नावावर 'हूइज' चालवा (रोमन अक्षरं: डब्ल्यू, एच, ओ, आय, एस):

/हूइज <टोपणनाव>

पहिल्या ओळीत 'यूजर/खातेनाव' दिसायला हवं. बहुतेक नवखे पुढच्या ओळीला घाबरतात: तिथे खरा आयपीही छापलेला असतो. अशी ओळ अनेक जाळी फक्त तुम्हाला आणि त्यांच्या चालकांना दाखवतात, इतरांना नाही. तरी माझ्या शब्दावर राहू नका. विश्वासातल्या मित्राला तुमच्या नावावर 'हूइज' चालवायला सांगा आणि त्याला काय दिसतं ते बघा. मित्र नसेल तर दुसऱ्या क्लायंटमधून, खातं न वापरता, दुसऱ्या टोपणनावाने जोडून स्वतःच पाहा.

'हूवॉज' नावाची आज्ञाही आहे. नुकत्याच निघून गेलेल्या टोपणनावाचा होस्ट ती सांगते. मघाच्या उघड्या जोडणीची नोंद तिच्यात काही काळ राहू शकते. म्हणून नोंदणी झाल्या झाल्या गजबजलेल्या चॅनेलमध्ये जाण्याची घाई नको. जेवून या, मग जा.

सगळं नीट दिसलं की ऑटोजॉइन पुन्हा चालू करायला हरकत नाही.

क्लोक असूनही पत्ता कुठून निसटतो

सगळ्यात मोठं दार डीसीसीचं. फाइल पाठवण्यासाठी किंवा थेट गप्पांसाठी ही सोय दोन संगणकांना परस्पर जोडते, सर्व्हर मध्ये नसतोच. त्यासाठी पाठवणाऱ्याचा क्लायंट समोरच्याला स्वतःचा आयपी कळवतो, तोही एका सलग आकड्याच्या रूपात. २०३.०.११३.४५ हा पत्ता तिथे ३४०५८०३८२१ असा दिसतो. बघणाऱ्याला तो आयपी वाटत नाही, पण उलटं गणित क्षणाचं काम आहे. तुम्ही दुसऱ्याची विनंती स्वीकारलीत तरी जोडणी तुमच्याकडून त्याच्याकडे जाते आणि त्याला तुमचा पत्ता कळतोच. डीसीसीच्या विनंत्या आपोआप स्वीकारण्याची सेटिंग बंद ठेवा, आणि अनोळखी माणसाची विनंती कधीच घेऊ नका. फाइल द्यायची असेल तर कुठेतरी चढवून दुवा द्या.

दुवे हे दुसरं दार. कुणी खासगी संदेशात एखाद्या चित्राचा दुवा पाठवला आणि तुम्ही उघडला, तर ज्या सर्व्हरवर चित्र आहे त्याला तुमचा आयपी कळतो. दुवा फक्त तुम्हालाच पाठवलेला असेल, तर उघडणारे तुम्हीच, हेही त्याच्या मालकाला कळतं. काही क्लायंट दुव्याची झलक आपोआप आणतात, म्हणजे बोट न लावताही पत्ता जातो. ही सेटिंग शोधून बंद करा.

तिसरं दार फार कमी लोकांच्या लक्षात येतं. सीटीसीपी नावाच्या प्रश्नोत्तरांतून कुणीही तुमच्या क्लायंटला वेळ विचारू शकतो आणि क्लायंट तुम्हाला न विचारता उत्तर देतो. जगातले बहुतेक प्रदेश जागतिक वेळेपासून पूर्ण तासांच्या अंतरावर आहेत. आपण साडेपाच तास पुढे, आणि हे अंतर भारत व श्रीलंकेचंच. एका उत्तरात देश जवळजवळ कळतो. लंडन किंवा बर्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला यातून फारसा धोका नाही, कारण तो तिथल्या कोट्यवधींत मिसळून जातो. भारतातून एखाद्या छोट्या परदेशी चॅनेलमध्ये असलेला मात्र एकटा उठून दिसतो. क्लायंटच्या सेटिंगमध्ये सीटीसीपीची उत्तरं बंद करता येतात.

ब्राउझरमधून वापरायचे वेबचॅटही तपासून घ्या. जुन्या पद्धतीची काही वेबचॅट वापरणाऱ्याचा आयपी सोळाच्या पायावरच्या आकड्यांत करून यूजरनेमच्या जागी लिहितात. वरचाच पत्ता तिथे 'सीबी००७१२डी' असा दिसेल. निरर्थक अक्षरं वाटतात, प्रत्यक्षात पूर्ण पत्ता असतो.

हीच गोष्ट आयआरसीबाहेरही लागू आहे. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवताना समोरच्याला तुमचा आयपी कळत नाही, पण कॉल थेट दोन फोनांत जोडला गेला तर कळू शकतो. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'कॉलमध्ये आयपी पत्ता सुरक्षित ठेवा' अशी सोय दिली. ती प्रायव्हसीच्या आत 'ॲडव्हान्स्ड' मध्ये आहे आणि तुम्हालाच चालू करावी लागते. अनोळखी लोकांशी व्यवहार असणाऱ्यांनी ती चालू ठेवावी.

कुणापासून झाकलं जात नाही

जाळ्याच्या चालकांना तुमचा खरा पत्ता दिसतो. तो त्यांना लागतोच, नाहीतर उपद्रवी लोकांना आवरता येणार नाही. चॅनेलमधली बंदी चुकवायला क्लोक वापरता येईल असंही समजू नका. चॅनेलचालक खात्यावरच बंदी घालू शकतात. तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्ही कोणत्या सर्व्हरशी जोडलात हे दिसतं, आत काय बोललात ते टीएलएसमुळे नाही.

सर्व्हरपासूनही पत्ता दूर ठेवायचा असेल तर मध्ये कुणीतरी बसवावा लागतो. माझ्या मते सगळ्यात सोयीचा पर्याय म्हणजे बाउन्सर: भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर झेडएनसी किंवा सोजू हे बाउन्सर सॉफ्टवेअर चालवायचं आणि आपण त्याला जोडायचं. आयआरसीला त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, घरचा नाही. शिवाय लॅपटॉप बंद असतानाचे संदेशही साठून राहतात. ईएफनेटसारख्या क्लोक नसलेल्या जाळ्यावर जायचं तर हाच रस्ता. फक्त सर्व्हरच्या होस्टनावात स्वतःच्या नावाचं डोमेन ठेवू नका.

व्हीपीएनचं गणित भारतात जरा वेगळं आहे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांची नावं, त्यांना दिलेले आयपी वगैरे माहिती ५ वर्षं जपून ठेवावी लागते. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. चॅनेलमधल्या लोकांपासून पत्ता लपवायला व्हीपीएन पुरतो. पण खुद्द व्हीपीएनवाल्यावर तुम्ही किती विश्वास टाकताय, याचा विचार आधी करा. आयआरसीची बरीच जाळी व्हीपीएनच्या पत्त्यांना अडवतात किंवा सासलशिवाय घेत नाहीत. टॉर या पत्ता लपवणाऱ्या जाळ्यावरून लिबेराला जोडता येतं, पण त्यासाठी खातं आधी साध्या जोडणीने काढून त्यावर किल्लीवर चालणारं सासल बसवावं लागतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या मागे लागू नका.

पत्ता आधीच गेला असेल तर

घरच्या ब्रॉडबँडवर पत्ता बहुधा बदलता असतो. राउटर बंद करून काही वेळाने चालू केला की पुष्कळदा नवा मिळतो. आयपी दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर आधी आणि नंतर बघून खात्री करा. स्थिर पत्ता विकत घेतलेला असेल तर कंपनीकडे बदलून मागावा लागेल. मोबाइलवर विमान मोड लावून काढला की बहुधा काम होतं.

नवा पत्ता आल्यावर सासल नीट चालतंय हे वरच्याप्रमाणे तपासा आणि मगच चॅनेलमध्ये जा. जुन्या टोपणनावामागे कुणी लागलेलं असेल तर नवं खातं, नवं टोपणनाव, नवे यूजरनेम आणि रिअल नेमचे रकाने, असं सगळं एकदमच बदला. एक जरी जुनं राहिलं तरी ओळख जुळते. चॅनेलचे लॉग वेबवर जात असतील तर चालकांना खासगीत विनंती करा की ती ओळ काढावी. मुक्त सॉफ्टवेअरच्या चॅनेलांत असं ऐकणारी माणसं भेटतात.

कुणी तुमचा आयपी चॅनेलमध्ये छापून धमकावत असेल तर त्याला उत्तर देऊ नका, तो पत्ता बरोबर की चूक तेही सांगू नका. त्या ओळी तारीख-वेळेसकट जपून ठेवा आणि जाळ्याच्या मदत चॅनेलमध्ये, लिबेरावर असाल तर #लिबेरा मध्ये, चालकांना बोलवा. त्रास शहरापर्यंत, घरापर्यंत येतोय असं वाटलं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, छळाची तक्रार पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी.